रसायनांचे गोदाम : एक हौद भरलेला, एक हौद रिकामा



गळीत हंगामापूर्वी आपण बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो. पूजा होते, नारळ फुटतो आणि मग अग्नी पेटतो. जेथे तो हवा तेथे आपण त्याला मानाने बोलावतो. पण जेथे तो नको तेथे तो येऊ नये, आणि आलाच तर पसरू नये, ही तजवीज पूजेने होत नाही. ती भिंत, उतार, नाली आणि नोंदवही यांनीच करावी लागते.

मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासद बंधूंनी उभे राहून सरळच विचारले होते, "रसायनं ठेवायला पत्र्याची शेड होतीच की. मग नव्या गोदामात एवढ्या आडव्या भिंती कशाला? आणि बाहेर तो सिमेंटचा भला मोठा हौद बांधून रिकामा का ठेवलाय? आमच्या उसाच्या पैशातनं हा खर्च कशापायी?" प्रश्न रास्त होता. सभेत वेळ थोडा, त्यामुळे उत्तर दोन वाक्यांत गुंडाळले गेले. ते येथे सविस्तर देत आहोत.

आमच्याकडून झालेली चूक

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो, कारण भिंती आणि हौद त्यातूनच आले. बंद हंगामात, ऐन पावसाळ्यात घडलेली ही गोष्ट आहे. जुन्या शेडमध्ये हायड्रोसची पिंपे जमिनीवरच ठेवलेली होती. पत्रा एका ठिकाणी गळत होता. झाकण नीट न बसलेल्या एका पिंपात ते पाणी उतरले. स्टोअरमधील कामगाराला गंधकासारखा उग्र वास आला. पिंपाला हात लावून पाहिला तर चटका बसला. त्या बिचाऱ्याने चांगल्या हेतूने बादलीभर पाणी ओतले, तो भसकन धूर उठला आणि पिंप पेटले. दुसऱ्याने धावत जाऊन वाळू टाकली. वरून वाळू, पण खाली जळणे चालूच! शेवटी हायड्रंटचा पाइप जोडून पाण्याचा नुसता पूर सोडला, तेव्हा ते थंड झाले.

कोणाला इजा झाली नाही. आग विझली म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खालच्या वस्तीवरून निरोप आला की ओढ्याच्या डोहात मासे उलटे होऊन तरंगत आहेत. शेडमधून वाहिलेले सगळे पाणी पावसाच्या नालीने सरळ ओढ्याला गेले होते. हायड्रोस पाण्यात विरघळले की पाण्यातला प्राणवायू शोषून घेते, मग मासे जगणार कसे? तेथल्या सभासदांनी काही दिवस जनावरे त्या पाण्यावर नेली नाहीत. आग आम्ही विझविली हे खरे, पण तिचे पाणी दुसऱ्याच्या दारात सोडले हेही तितकेच खरे. हे लपविण्यात अर्थ नाही.

आडव्या भिंती कशासाठी?

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. साखरेचा रंग उजळावा म्हणून पॅनमध्ये ते अल्प प्रमाणात वापरतात. त्याला ओल लागली की ते आतल्या आत फुटू लागते आणि तापते. ओला कडबा गंजीत रचला तर गंजी आतून तापते, कधी पेटही घेते, हे आपल्याला ठाऊक आहे. हायड्रोसचे तसेच, पण फार झपाट्याने. शिवाय त्याला जळायला बाहेरच्या हवेची गरज लागत नाही. म्हणून वाळूने झाकून ते विझत नाही. थोडे पाणी त्याला पेटविते, भरपूर पाणी त्याची उष्णता वाहून नेते. मधला मार्ग नाही.

आता शेजारच्या मालाकडे बघा. गंधकाच्या आगीवर पाण्याची जोरदार धार मारली तर भुकटी हवेत उडते आणि उडालेल्या भुकटीचा भडका होतो. त्याला बारीक तुषारच हवेत. गंधकाची ज्योत फिकी निळी असते, उन्हात चटकन दिसतही नाही, आणि तिचा धूर छाती कोंडतो. चुनकळीवर पाणी पडले की ती उकळते हे चुना विझविणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्या उष्णतेने शेजारचे गोणपाट किंवा लाकूड पेटू शकते. कॉस्टिक सोडाही पाणी लागताच तापतो. ब्लीचिंग पावडर स्वतः जळत नाही, परंतु दुसऱ्याच्या आगीला बळ देते. तेल, वंगण किंवा गंधक तिच्यात मिसळले तर आग लागण्याचा धोका, आणि ॲसिड सांडले तर क्लोरीन हा विषारी वायू. हायड्रोसवर ॲसिड पडले तरीही विषारी वायू सुटतोच.

म्हणजे एकाला तुषार हवेत, दुसऱ्याला पूर हवा, तिसऱ्याला थेंबही नको. हे सारे एकाच छपराखाली दाटीवाटीने ठेवले तर आग विझविणाऱ्याने करायचे काय? त्याने काहीही केले तरी ते कोणा एकासाठी चुकीचेच ठरणार. एका दावणीला कोणती जनावरे बांधू नयेत हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गोदामातील आडव्या भिंती म्हणजे वेगवेगळ्या दावणीच आहेत. त्या विटांच्या असून छपराच्याही वर काढल्या आहेत, कारण भिंत पत्र्यापाशी थांबली तर ज्वाळा वरून पलीकडे जातात. हायड्रोस, गंधक, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड यांचे कप्पे वेगळे. चुनकळीची शेड तर पूर्ण निराळी.

ऱ्हाईन नदी लाल झाली ती रात्र

आता हौदाचे बघू. येथे परदेशातील एक घटना सांगणे भाग आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ, ऱ्हाईन नदीच्या काठी, सँडोझ या कंपनीचे एक गोदाम होते. मुळात ते यंत्रसामग्री ठेवण्यासाठी बांधलेले होते. पुढे त्यात शेतीची औषधे ठेवू लागले. सुमारे १,३५० टन रसायने तेथे होती, त्यात बहुतांश कीटकनाशके. १ नोव्हेंबर १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली. निळ्या रंगाच्या भुकटीची पोती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळताना तो कागद गॅसच्या ज्योतीने आवळत असत. ज्योत लागून भुकटी बिनज्वाळेची धुमसत राहिली असावी, असा तपासातील संभव. सायरन वाजले, लोकांना दारे-खिडक्या लावून घरातच राहण्यास सांगण्यात आले. अग्निशामक दलाने पाण्याचा प्रचंड मारा केला आणि सकाळपर्यंत आग आटोक्यात आणली. या आगीत कोणी दगावले नाही.

काम फत्ते झाले असेच कोणीही म्हणेल. पण मारलेले पाणी १० ते १५ हजार घनमीटर होते. आपल्या हिशेबाने सांगायचे तर १० हजार लिटरचे हजार ते दीड हजार टँकर! गोदामाभोवती ते अडवायला पुरेशी जागाच नव्हती. कीटकनाशके आणि लाल रंग घेऊन ते ऱ्हाईनमध्ये उतरले. नदी लाल झाली. सुमारे दीड लाख वाम मासे मेले, आणि नदीच्या जवळजवळ ४०० किलोमीटर लांबीत नुकसान पोहोचले. पार खाली हॉलंडपर्यंत पिण्याच्या पाण्याचे उपसे बंद करावे लागले. ध्यानात घ्या, नदीत गेलेला माल एकूण साठ्याच्या मानाने अगदी थोडा, काही टनच होता. तरीही एवढे झाले.

या घटनेनंतर १९८७ साली ऱ्हाईनकाठच्या देशांनी नदी सुधारण्याचा एकत्रित कार्यक्रम हाती घेतला आणि काठावरील रसायन कारखान्यांनी आगीचे पाणी अडविण्याचे हौद बांधले. आपल्याकडे १९८४ साली भोपाळची वायुदुर्घटना झाली, तिच्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि धोकादायक रसायनांची निर्मिती व साठवण यासंबंधीचे नियम १९८९ साली झाले. पण कायदा आहे म्हणून हौद, असे आम्ही म्हणणार नाही. खाली वस्ती आहे, विहिरी आहेत, म्हणून हौद.

हौदाचा हिशेब

आमचा हिशेब साधा आहे. आगीवर दोन पाइप चालले, प्रत्येकातून मिनिटाला ५०० लिटर पाणी धरले आणि काम दोन तास चालले, तर पाणी होते १ लाख २० हजार लिटर. त्यात अंगणावर पडणाऱ्या पावसाची भर धरून हौद दीड लाख लिटरचा बांधला आहे. दहा मीटर लांब, साडेसात मीटर रुंद, दोन मीटर खोल.

गोदामाची फरशी दाराकडे नव्हे, तर आतल्या नालीकडे उतरती आहे. प्रत्येक दाराला उंच उंबरा असून माल आणण्यासाठी त्यावर दोन्हीकडून उतार केला आहे. त्यामुळे सांडलेले काहीही उंबरा ओलांडत नाही, नालीने हौदात जाते. अंगणातील पावसाच्या नालीला झडप बसविली आहे. ती एरवी बंदच असते. साठलेले पाणी तपासून, ठीक असेल तरच ती उघडायची. आगीचे पाणी हौदात साठले तर प्रयोगशाळेची तपासणी आणि योग्य प्रक्रिया झाल्याशिवाय एक थेंब बाहेर सोडायचा नाही.

विझविण्यासाठी लागणारे पाणी वेगळ्या हौदात आहे. म्हणून आमच्या माणसांना आम्ही एकच वाक्य पाठ करून दिले आहे : एक हौद कायम भरलेला, एक हौद कायम रिकामा. भरलेला हौद आग विझवितो, रिकामा हौद गाव वाचवितो. रिकाम्या हौदात "राहू दे थोडं पाणी बागेला" म्हणून पाणी साठविले, की हौद बांधूनही न बांधल्यासारखा.

बाकीची व्यवस्था थोडक्यात सांगतो. पिंपे आणि पोती जमिनीवर नाहीत, फळ्यांवर आहेत, आणि भिंतीपासून माणूस फिरेल एवढी दूर. विजेची बटणे गोदामाबाहेर. दारे बाहेर उघडणारी, आणि आतल्या माणसाला दोन वाटा. बगॅसच्या ढिगापासून गोदाम लांब. डिस्टिलरीचा स्पिरिट येथे नाहीच. त्याच्या टाक्यांना स्वतंत्र बांध आहे आणि त्याच्या आगीला मद्यार्कावर टिकणारा खास फेस लागतो, साधा फेस स्पिरिटवर विरघळून जातो.

आणि एक वही. कोणत्या कप्प्यात कोणता माल, किती, कधी आला आणि पेटल्यास काय करावे, याची एक प्रत स्टोअरमध्ये, दुसरी मुख्य गेटवर. आग लागल्यावर वही गोदामातच जळत असेल तर तिचा काय उपयोग? जुना माल आधी वापरायचा, पडून राहू द्यायचा नाही. लेबनॉन देशातील बैरुत बंदराच्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट सन २०१४ पासून पडून होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी आग लागून त्याचा स्फोट झाला, दोनशेहून अधिक माणसे गेली. माल धोक्याचा होताच, पण "असू दे तिथंच" हे म्हणणे त्याहून धोक्याचे ठरले.

सभासदांनी घरी काय करावे?

कारखान्याचे गोदाम मोठे, आपली औषधांची खोली लहान. पण नियम तेच.

१. कीटकनाशके धान्य, पेंड व कडबा यांच्याबरोबर ठेवू नयेत. स्वतंत्र जागा आणि कुलूप हवे. मूळ डब्यातून बाटलीत काढून ठेवू नयेत.

२. पातळ औषध खालच्या फळीवर, भुकटी वरच्या फळीवर. म्हणजे गळती झाली तरी भुकटी भिजत नाही.

३. विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर डिझेल, ऑइल आणि द्राक्षबागेचे गंधक यांच्यापासून दूर ठेवावी.

४. औषधांच्या खोलीला आग लागली तर धुरात शिरू नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, माणसे-जनावरे दूर न्यावीत आणि अग्निशामक दलाला बोलवावे. पाणी मारलेच, तर आधी खालच्या बाजूला मातीचा बांध घालावा. पाटाचे दार बांधणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. विहिरीत उतरलेले औषध काढायला मात्र कोणालाच येत नाही.

५. ऊस घेऊन येणाऱ्या गाडीवान, ट्रॅक्टरचालक व तोडणी कामगार मंडळींनी गोदामाच्या बाजूला चूल मांडू नये, विडी ओढू नये. त्यांच्यासाठी चुलीची जागा वेगळी आखून दिली आहे. आपापल्या टोळीला हे आपण सांगावे, ही विनंती.

सभेतील त्या सभासद बंधूंना आम्ही गोदाम पाहण्यास बोलाविले होते. ते आले, हौदाच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा बांधच की." होय, बांधच. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून आपण जसा घालतो, तसाच.

गोदाम पाहण्यास प्रत्येक सभासदास मुभा आहे. ऑफिसात नाव नोंदवावे, सुरक्षा विभागाचा माणूस बरोबर येईल. भरलेला हौद उणा दिसला, किंवा रिकाम्या हौदात पाणी दिसले, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी ऑफिसात या आणि आम्हाला जाब विचारा. खर्च आपल्या पैशातून झाला आहे, तो कामाला येतो आहे की नाही हे पाहण्याचा हक्कही आपलाच आहे.