आरंभक, जड मालमोटारीतील

थांबलेले एंजिन सुरू करण्यासाठी त्याचा भुजादंड फिरवून देणाऱ्या विद्युत् चलित्रास आरंभक म्हणतात. व्यवहारात याला ‘स्टार्टर’ हे नाव रूढ आहे. चार्ल्स एफ. केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् आरंभक १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारगाडीत बसविण्यात आला आणि हाताने दांडा फिरवून एंजिन सुरू करण्याचे कष्टाचे व धोक्याचे काम हळूहळू मागे पडले. मालमोटारीच्या डीझेल एंजिनात हवेच्या संपीडनाने निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच इंधन पेटते. भुजादंड पुरेशा वेगाने (सामान्यतः मिनिटास सु. १०० ते २०० फेरे) न फिरल्यास ही उष्णता सिलिंडरांच्या भिंतींत निघून जाते व इंधन पेटत नाही. म्हणून आरंभकाच्या मंडलातील किरकोळ दोषही भरलेली गाडी जागीच अडवून ठेवू शकतो.

रचना व कार्य : यूरोपीय पद्धतीच्या जड मालमोटारींत १२ व्होल्टच्या दोन विद्युत् घटमाला एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब मिळवितात. अमेरिकेत १२ व्होल्टच्या अनेक घटमाला अनेकसरीत जोडण्याची पद्धत आहे. भारतात १२ व २४ व्होल्टच्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या आढळतात. किल्ली फिरविली की बारीक तारांच्या नियंत्रण मंडलातून अल्प प्रवाह अभिचालित्रामार्गे आरंभकावरील परिनालिकेत जातो. परिनालिका लहान दंतचक्र पुढे ढकलून ते प्रचक्राच्या दातेरी कड्यात गुंतविते व त्याच वेळी मुख्य स्पर्शक जोडते. मग जाड केबलींतून शेकडो अँपिअर प्रवाह चलित्रात जातो. हा प्रवाह एंजिन व गाडीचा सांगाडा यांच्यामार्गे घटमालेच्या ऋण अग्राकडे परततो. [→ विद्युत् घटमाला].

दोषाचे मूळ : एंजिन न फिरल्यास प्रथम आरंभकावर संशय घेऊन तो बदलण्याची प्रवृत्ती असते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष घटमालेत किंवा तारांच्या सांध्यांत असतो. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध अवघा ०·००५ ओहम असला, तरी ६०० अँपिअर प्रवाह वाहत असता तेथे ३ व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि १,८०० वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. प्रवाह वाहत नसताना मात्र त्याच सांध्यापलीकडे व्होल्टमापक पूर्ण दाब दाखवितो, दिवेही लख्ख लागतात. त्यामुळे भाराविना केलेली तपासणी फसवी ठरते.

एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने ते सांगाड्याशी विणीच्या तांब्याच्या पट्टीने जोडलेले असते. ही पट्टी तुटली किंवा तिच्याखाली गंज व रंग साचला, तर प्रवाह प्रवेगकाच्या किंवा गिअरच्या पोलादी तारेतून वाट काढतो. अशी तार तापलेली आढळल्यास दोष परतीच्या मार्गात आहे असे समजावे.

लक्षणे : (१) कोणताच आवाज न येणे : नियंत्रण मंडल, वितळतार, अभिचालित्र किंवा गिअर तटस्थ स्थितीत आहे हे ओळखणारा स्विच तपासावा. (२) एकच ‘टक्’ आवाज : परिनालिका हलते, पण चलित्र फिरत नाही. मुख्य स्पर्शक जळलेले, कार्बनचे कुंचे झिजलेले किंवा मुख्य केबल सैल असण्याचा संभव असतो. (३) लागोपाठ खडखड : बहुधा घटमाला उतरलेली असते. (४) मंद गती : घटमाला, सांधे किंवा थंडीने दाट झालेले वंगण तेल. (५) आरंभक फिरतो, एंजिन फिरत नाही : एकदिश क्लच घसरतो किंवा कड्याचे दाते झिजले आहेत. (६) किल्ली सोडूनही आरंभक न थांबणे : स्पर्शक एकमेकांस चिकटले आहेत. घटमाला त्वरित तोडावी. एंजिन योग्य वेगाने फिरूनही सुरू न झाल्यास दोष इंधनपुरवठ्यात किंवा त्याच्या नियंत्रणात शोधावा.

तपासणीचा क्रम : पूर्ण भारित घटमालेतील अम्लाचे वि. गु. सु. १·२६ ते १·२८ असते. २४ व्होल्ट जोडणीत एंजिन फिरत असताना दाब सु. १९ व्होल्टच्या खाली गेल्यास घटमाला भार सोसत नाही असे मानतात. घटमाला ठीक असल्यास इंधनपुरवठा रोखून एंजिन फिरवावे व त्या वेळी घटमालेचे धन अग्र आणि आरंभकाचे मुख्य अग्र यांमधील दाब मोजावा. व्होल्टमापकाचे टोक पकडीवर न लावता घटमालेच्या अग्रावरच लावावे, नाहीतर पकडीखालील गंज लक्षात येत नाही. हीच मोजणी ऋण अग्र व आरंभकाचे कवच यांमध्ये करावी. कोणत्याही बाजूस सु. १ व्होल्टपेक्षा अधिक घट दिसल्यास एकेक सांधा निराळा मोजून दोष शोधतात. दोन्ही बाजू निर्दोष असूनही चलित्र मंद फिरत असेल आणि एंजिन हाताने मोकळे फिरत असेल, तरच आरंभक उतरवावा.

भारत स्टेज ६ उत्सर्जन मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यांनुसार बनविलेल्या मालमोटारींत इंधनाचे नियमन इलेक्ट्रॉनीय नियंत्रक करतो. दाब फार उतरल्यास हा नियंत्रकच बंद पडतो आणि आरंभक फिरत असूनही इंधन सोडले जात नाही.

दक्षता : आरंभकाची अग्रे पेचकसाने जोडून एंजिन सुरू करणे अत्यंत धोक्याचे असते. असे केल्याने तटस्थ स्थितीचा सुरक्षा स्विच टाळला जातो व गाडी गिअरमध्ये राहिली असल्यास ती चाकांजवळ उभ्या असलेल्या माणसावर जाते. भारण होताना घटमालेतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देऊ नये. केबली काढताना ऋण केबल प्रथम काढतात व ती सर्वांत शेवटी जोडतात. मुख्य केबलीत बहुधा वितळतार नसते. तिचे निरोधक आवरण सांगाड्याशी घासून फाटल्यास आग लागू शकते, म्हणून ती पकडींनी घट्ट बांधलेली असावी. एका वेळी आरंभक सु. १५ सेकंदांहून अधिक काळ चालवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्यास एक-दोन मिनिटे निवू द्यावे.