ओळखीचा माणूस, ओळखीचे कागद

बँकेत खाते उघडायचे तर पूर्वी ‘ओळखदार’ लागत असे. जुन्या खातेदाराने अर्जाच्या कोपऱ्यात सही ठोकली, की नवा माणूस बँकेचा झाला. शाळेचे हेडमास्तर, कापसाचे अडते, पोस्टमास्तर ही गावोगावची हक्काची ओळखदार मंडळी. सही करताना ते अर्ज वाचत नसत; वाचणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे! एवढ्याशा सहीवर बँकेचा डोलारा उभा होता आणि बऱ्याच अंशी तो टिकलाही. कारण गाव लहान होते आणि गावातला पैसा सहसा गावातच फिरत होता.

आता तसे राहिलेले नाही. घाटंजीच्या एखाद्या बचत खात्यात सकाळी अकराला आलेली रक्कम सव्वा अकराच्या आत चार राज्यांतल्या दहा-वीस खात्यांत पांगू शकते. ती कुठून आली आणि कुठे गेली, हे सांगणारा ओळखदार कोठून आणायचा? म्हणून ओळखदार गेला आणि त्याच्या जागी ‘केवायसी’ आली. ‘आपला ग्राहक ओळखा’ असा तिचा अर्थ. पण ग्राहकाला ओळखणे आणि ग्राहकाचे कागद ओळखणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? बँकेतल्या माणसांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याचे प्रशिक्षण देताना हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

निवृत्तीनंतर कादंबरीलेखनातून सवड काढून मी अधूनमधून अशा वर्गांना जातो. घाटंजीलाही गेलो. यवतमाळ जिल्ह्यातला हा कापसाचा तालुका. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके; गावात जिनिंग, बाजार समिती; आणि आजूबाजूला कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे. वर्गाला आलेली मंडळी बहुतेक तिशीच्या आतबाहेरची. मनी लाँडरिंग म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे बिल्डर आणि परदेशातल्या बेटांवरच्या कंपन्या येतात. “सर, आमच्याकडे कसलं आलं हे? इथं पीककर्ज, अनुदान आणि पेन्शन,” असे एक जण म्हणालाच. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण अपुरे होते.

थोडा इतिहास सांगायला हवा. १९८९ साली पॅरिसमध्ये सात बड्या राष्ट्रांची शिखर परिषद झाली. मादक पदार्थांच्या व्यापारातला पैसा बँकांतून धुऊन निघतो, ही त्या वेळची चिंता. त्यातून ‘फायनान्शियल अॅक्शन टास्क फोर्स’ हा आंतरराष्ट्रीय गट जन्माला आला. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर दहशतवादाचा पैसाही या गटाच्या यादीत आला. आपल्या रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००२ मध्ये बँकांना केवायसीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली जानेवारी २००३ मध्ये आणि तो प्रत्यक्ष अमलात आला १ जुलै २००५ रोजी. त्याआधी, नोव्हेंबर २००४ मध्ये, बँकांनी दिलेली माहिती गोळा करून चाळणारे ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’ दिल्लीत स्थापन झाले. भारत त्या आंतरराष्ट्रीय गटाचा सदस्य झाला तो २०१० मध्ये.

कायद्याने बँकेवर टाकलेले काम सांगायला सोपे आहे. ग्राहक कोण ते नीट तपासा. व्यवहारांच्या नोंदी जपा. महिन्याभरात दहा लाखांवर रोख उलाढाल झाली, मग ती एकदम असो की तुकड्यातुकड्यांनी, तर कळवा. खोटी नोट आली तर कळवा. आणि व्यवहार संशयास्पद वाटला, तर तो रोखीचा असो वा नसो, रक्कम लहान असो वा मोठी, कळवा. पहिल्या गोष्टी संगणक करतो. शेवटची मात्र माणसाला करावी लागते. संगणक इशारा देतो खरा, पण तो इशारा वाचायचा कसा, हे काऊंटरवरच्या माणसालाच ठरवावे लागते.

‘संशयास्पद’ म्हणजे काय? नियम म्हणतो, ज्या व्यवहारात विनाकारण गुंतागुंत आहे, ज्याला आर्थिक तर्क किंवा प्रामाणिक हेतू दिसत नाही, तो. मी वर्गात हे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. कादंबरीत एखादे पात्र असे वागते की वाचक थबकतो आणि मनात म्हणतो, “हा माणूस असे कसे करील?” बँकेत तसे थबकणे म्हणजे संशय. तिथे गुन्हा सिद्ध करायचा नसतो. गोष्ट जुळत नाही, एवढेच प्रामाणिकपणे लिहून वर पाठवायचे असते.

आणि गोष्ट जुळते की नाही हे कळायला मुलूख कळावा लागतो. जानेवारीत शेतकऱ्याच्या खात्यात तीन लाख जमा झाले तर घाटंजीत कोणी मान वर करून पाहणार नाही. कापूस विकला असेल. तीच रक्कम ‘कापूस विकला’ म्हणून ऑगस्टच्या आरंभी आली तर? पऱ्हाटीला बोंड धरायच्या आत कापूस कोणाच्या घरून निघाला? असेल, मागच्या हंगामाचा राखून ठेवलेलाही असेल. भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवणारे कास्तकार काही कमी नाहीत. पण विचारायला हवे. चार एकर कोरडवाहू सातबाऱ्यावर पन्नास लाखांचे शेती उत्पन्न दाखवणारा गृहस्थ आला तर मात्र विचारायलाच हवे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, ही शेतकऱ्यासाठी असलेली सवलत. दुसऱ्याच धंद्यातला पैसा तिच्या आडोशाने पांढरा करण्याची युक्ती जुनी आहे. मुंबईत बसून हे दिसत नाही. ते दिसते पऱ्हाटी पाहिलेल्या कारकुनाला.

माझ्या नोकरीच्या काळात, पन्नास हजारांच्या वर रोख भरली की पॅन विचारला जाई, म्हणून एकोणपन्नास हजारांच्या भरणा-पावत्या आम्ही ढिगाने पाहिल्या. आता चाल बदलली आहे. रोख पैशाऐवजी खातेच भाड्याने घेतले जाते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा जनधन खात्यांतली एकूण शिल्लक सुमारे पंचेचाळीस हजार कोटींवरून महिन्याभरात चौऱ्याहत्तर हजार कोटींच्या आसपास पोहोचली. त्यातली बरीच रक्कम गोरगरिबांची स्वतःची होती, हे खरे. पण गरिबाचे खाते हे दुसऱ्याच्या पैशाचे धर्मशाळाघर होऊ शकते, हेही तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

२०२४ च्या नोव्हेंबरात मालेगावचे प्रकरण गाजले. बाजार समितीत नोकरी लावून देतो, असे सांगून तरुणांकडून आधार-पॅनची कागदपत्रे घेतली, त्यांच्या नावाने तिथल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत खाती उघडली आणि थोडक्या काळात त्या मोजक्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रक्कम फिरवली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. या पोरांपैकी एकाने तक्रार केली, तेव्हा प्रकरण पुढे आले. न्यायालय जे ठरवायचे ते ठरवील. मला त्यात दिसतो तो नोकरीसाठी कागद घेऊन गेलेला मुलगा. मालेगाव आणि घाटंजी यांच्यात अंतर पुष्कळ आहे; पण नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलांत काय फरक?

अशा खात्याला इंग्रजीत ‘म्यूल’ म्हणतात, म्हणजे खेचर. ओझे दुसऱ्याचे, पाठ याची. ‘डिजिटल अरेस्ट’च्या भीतीने एखाद्या निवृत्त शिक्षिकेने पाठवलेली आयुष्यभराची पुंजी पहिल्यांदा येऊन पडते ती अशाच कोण्या गरीब मुलाच्या खात्यात. मुलाला दोन-पाच हजार मिळतात; एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या खिशात असते. पोलीस मात्र खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. मनी लाँडरिंगचा गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाची संगणकप्रणाली तयार केली; डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिची माहिती जाहीर केली. यंत्र शोधील, पण तोवर पैसा जाऊन चुकलेला असतो. खाते उघडतानाच त्या मुलाच्या शेजारी उभा राहून त्याच्या वतीने उत्तरे देणारा अनोळखी इसम दिसतो तो काऊंटरवरच्या माणसालाच.

वर्गात या मुद्द्यावर एक कर्मचारी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, इथं समोरचा माणूस म्हणजे शेजारी नाही तर सोयरा असतो. त्याच्याविषयी लिहायचं कसं?” शहरातल्या बँकरला हा प्रश्न पडत नाही. कायदा सांगतो, संशयाचा अहवाल पाठवल्याचे ग्राहकाला कळता कामा नये. चुलत भावाला नाही, घरीही नाही. सकाळी अहवाल पाठवायचा आणि संध्याकाळी त्याच माणसासोबत पारावर चहा घ्यायचा! मी त्याला एवढेच सांगितले, की कायद्याने तुमची पाठराखणही केली आहे. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल बँकेवर वा कर्मचाऱ्यावर दावा चालत नाही. आणि केवळ अहवाल गेला म्हणून ग्राहकाचे खाते अडवायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटले आहे. अहवाल हा आरोप नव्हे. सोयऱ्याचे व्यवहार सरळ असतील तर तो कागद दिल्लीत पडून राहील. नसतील तर तुम्ही कदाचित त्याच्या मुलाला वाचवलेले असेल. त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. असे प्रश्न उत्तराने संपत नाहीत, पण ते वर्गात उघडपणे बोलले जावेत. स्लाईडवर ते कधी नसतात.

आता दुसरी बाजू. कायदा कडक झाला की त्याचा पहिला फटका बसतो तो ज्याच्याकडे कागद कमी त्याला. पोडावरची म्हातारी कोलाम बाई बँकेत येते. वर्षानुवर्षे कापूस वेचून, मजुरी करून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र अंगठा ओळखत नाही. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरे. ‘केवायसी अपडेट नाही’ म्हणून निराधाराचे अनुदान अडते. ती विचारते, “सायेब, या गावात मले कोन नाही ओळखत? मंग कागद कायले?” याला उत्तर काय? जिला अवघे गाव ओळखते तिची ओळख पटत नाही, आणि ज्याला कोणीच ओळखत नाही त्याचे कागद चोख!

चोख कागदांचीही एक गंमत ऐका. २०२५ च्या अखेरीस, घाटंजीला लागून असलेल्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या नावाने सरकारी संगणकात सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. दीड हजारांच्या गावात काही महिन्यांत सत्तावीस हजार जन्म! कागद सरकारी, क्रमांक खरा, फक्त माणूस गावचा नाही. त्या कागदावर पुढचा कागद मिळतो, त्यावर त्याच्या पुढचा, आणि शेवटी तो बँकेच्या काऊंटरवर येतो. अशा वेळी फक्त कागद पडताळून भागणार नाही, हे सांगायला आणखी कोणता पुरावा हवा?

आणि म्हणूनच नियमांची दुसरी पानेही वर्गात वाचून दाखवावी लागतात. केवायसीचा अंमल इतका जाचक होऊ नये की सामान्य जनतेला, विशेषतः आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बळ माणसांना, सेवाच नाकारली जाईल, हे रिझर्व्ह बँकेचे सांगणे जुने आहे. पुरेशी कागदपत्रे नसलेल्यासाठी ‘लघु खाते’ आहे: अधिकाऱ्यासमोर सही वा अंगठा, एक फोटो, शिल्लक पन्नास हजारांपर्यंत, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावले, की केवायसीच्या मुदतीआधी ग्राहकाला किमान तीनदा कळवावे आणि त्यातले एक पत्र असावे. शिवाय प्रशिक्षणाबाबतही नियम स्पष्ट आहे. काऊंटरवरच्यांचे प्रशिक्षण वेगळे आणि तपासनिसांचे वेगळे हवे; ग्राहकाला माहिती नसल्याने उद्भवणारे प्रश्न कसे हाताळायचे, हे काऊंटरवरच्यांना खास शिकवावे. प्रत्यक्षात काय चालते? संगणकावर वीस प्रश्नांची चाचणी येते. एक जण उत्तरे सोडवतो आणि सगळी शाखा ती टिपून घेते. प्रमाणपत्रे छापली जातात, तपासणी अधिकारी ती फाईलला लावतात. शाखेत माणसे तीन, रांगेत माणसे साठ. त्या चाचणीत ना पऱ्हाटीचा हंगाम असतो, ना पोडावरची म्हातारी.

घरोघरच्या वाचकांना यात करण्यासारखे काही आहे. बँकेने प्रश्न विचारला तर रागावू नका. पैसा कुठला, हे सांगण्यात कमीपणा नाही. स्वतःचे खाते, कार्ड, सिम कोणालाही ‘चार दिवसांसाठी’ देऊ नका, भाच्यालाही नाही आणि मित्राच्या मित्राला तर नाहीच. शहरात शिकायला ठेवलेल्या मुलाला मेसचे पैसे पाठवताना ही गोष्टही एकदा सांगा. अनोळखी रक्कम खात्यात आली तर ती पुढे पाठवू नका, बँकेत जा. फसवणूक झाली तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. पहिला तास गेला की पैसा हाती लागणे कठीण होत जाते.

आणि बँकेतल्या तरुण मित्रांना सांगायचे ते वेगळे. जुन्या ओळखदाराची एक गोष्ट घेण्यासारखी होती, एक टाकण्यासारखी. न वाचता सही करणे टाकायचे. माणसाचे घर, शेत, पीक, अडचण ठाऊक असणे घ्यायचे. पुढच्या वेळी ती पोडावरची म्हातारी आली, तर तिला खुर्ची द्या, लघु खात्याचा फॉर्म स्वतः काढा आणि शेजारच्या गावातल्या कोण्या पोराच्या वतीने उत्तरे देणारा तो अनोळखी इसम रांगेत असेल, तर त्याला थोडा वेळ थांबवा. दोन्ही कामे एकाच प्रशिक्षणातली आहेत.