मासा दर्यात, बयाणा गल्ल्यात

ज्या धंद्याचा हंगाम धंदेवाल्याच्या हाती नसतो, त्यात व्यवहार स्वच्छ कसा ठेवावा, हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावरील बांधवांना नवा नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पण ही तारीख निदान आधी ठाऊक असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हौशी गिऱ्हाइकांना सालमन धरण्यासाठी समुद्रात नेणाऱ्या बोटमालकांना तेवढाही भरवसा नाही. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे.

सालमन म्हणजे आपला रावस नव्हे. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परततो. किती मासे परततील, याचा अंदाज दरवर्षी बांधला जातो. त्यावरून पॅसिफिक मत्स्य परिषद मार्चमध्ये पर्याय मांडते आणि एप्रिलमध्ये हंगाम ठरवते. कॅलिफोर्नियात २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी समुद्रातील सालमनची मासेमारी पूर्ण बंद राहिली. २०२५ मध्ये हौशी मासेमारीला मोजके दिवस मिळाले. उन्हाळ्यासाठी ७,००० माशांची मर्यादा होती. ७ व ८ जून या पहिल्या दोन दिवसांतच ती ओलांडली गेली आणि जुलैची सफर रद्द झाली. ज्यांनी जुलैचा बयाणा घेतला होता, त्यांची काय स्थिती झाली असेल?

सफर कशी आखतात

जाणता गिऱ्हाईक आधी तारीख ठरवत नाही; आधी नियम पाहतो. एकाच किनाऱ्यावर विभागवार नियम वेगळे असतात. वॉशिंग्टन राज्यात वेस्टपोर्ट, इल्वाको, निआ बे अशा बंदरांच्या विभागांना माशांचा कोटा ठरवून दिलेला असतो. कोटा संपला की हंगाम मुदतीआधीच बंद होतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीचे दिवस धरणे शहाणपणाचे.

दुसरे, कोणता मासा ठेवता येतो? कोहो जातीचा मासा बहुतेक वेळा उबवणी केंद्रातला असेल तरच ठेवता येतो. त्याची खूण म्हणजे शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा सोडून द्यावा लागतो. गळाला उलटा दात चालत नाही, म्हणजे सोडलेला मासा जगतो. परवाना प्रत्येक गिऱ्हाइकाने आपला काढायचा. तांडेलाकडे तटरक्षक दलाचा परवाना हवा. दर्या खवळला तर बोट काढायची की नाही, हा शब्द तांडेलाचा.

बंदीच्या काळात पुष्कळ बोटमालकांनी रॉकफिश व हॅलिबट यांच्या सफरी नेल्या, देवमासे दाखवण्याच्या फेऱ्या काढल्या. एकाच माशावर घर चालवणाऱ्यांची मात्र फार ओढाताण झाली.

आपल्यासाठी बोध

फिकहचा साधा नियम आहे की पाण्यातला, हाती न आलेला मासा विकता येत नाही. त्यात गरर, म्हणजे अनिश्चिततेचा धोका असतो. सफरवाला मासा विकत नाही. तो बोट, वेळ आणि मेहनत भाड्याने देतो. हा इजारा झाला. मासा लागला नाही तरी भाडे त्याच्या हक्काचे. पण हंगामच उघडला नाही आणि बोट निघालीच नाही, तर बयाण्यावर हक्क कसला?

हाच प्रश्न आमच्याकडे आंबा धरण्याआधी बागेचा सौदा करणाऱ्यांना लागू आहे. हज-उमऱ्याच्या टूरवाल्यांना तर अधिकच. २०२५ मध्ये खासगी कोट्यातील हजारो भारतीय यात्रेकरूंना पैसे भरूनही ऐनवेळी हजला जाता आले नाही. कोटा हाती येण्याआधी रक्कम घेतली, तर ती अमानत आहे. तिच्यावर दुकानाचा विस्तार करू नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: बयाणा घेतानाच कागदावर लिहा. सरकारने बंद केले तर काय, हवामानाने अडवले तर काय, गिऱ्हाईक स्वतः आले नाही तर काय, ही तिन्ही कलमे वेगवेगळी असावीत. परत करायची रक्कम गल्ल्यापासून निराळी ठेवा आणि मंदीसाठी दुसरे एखादे काम हाताशी असू द्या. हंगाम बुडाला तरी इमान बुडू नये. पुढच्या हंगामाला तेच गिऱ्हाईक, इन्शाअल्लाह, पुन्हा तुमच्याच दारी येईल.