कॉलेज सिस्टरांचं, देव आपापला

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाआधी पोरींच्या ॲडमिशनचा विषय निघतो. घरच्यांना मुलींचंच कॉलेज हवं असतं. पण ते ख्रिस्ती सिस्टर चालवतात असं कळलं की कुजबुज होते, "पोरगी आपले देव विसरली तर? तिला बाटवलं तर?" या शंकेपायी चांगली जागा हातची जाऊ नये, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

मुंबईचं उदाहरण घ्या. भुलाभाई देसाई रोडवर मुलींचं सोफिया कॉलेज आहे. सेक्रेड हार्ट या कॅथलिक सिस्टरांच्या संघाने ते 1940 च्या सुमारास सुरू केलं. हा संघ 1800 साली फ्रान्समध्ये मादलेन सोफी बारा या बाईंनी मुलींना शिकवण्यासाठी काढला. सोफिया हा मूळचा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ शहाणपण. त्याच रस्त्याने पुढे गेलं की समुद्राकाठी महालक्ष्मीचं देऊळ लागतं. तिथे महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती तिघी शेजारी शेजारी आहेत. नवरात्रात दर्शनाला लांब रांग लागते. इतकी वर्षं कॉलेजही भरतंय आणि देऊळही गजबजलेलंच आहे.

याच संघाचं जपानमध्ये टोकियो शहरात मुलींचं विद्यापीठ आहे, 1948 पासून. तिथून जवळच शिबुया हिकावा नावाचं जुनं शिंतो देवस्थान आहे. शिंतो म्हणजे जपानी लोकांचा स्वतःचा जुना धर्म. डोंगर, झाड, नदी, पूर्वज यांत ते देवत्व मानतात, त्याला 'कामी' म्हणतात. आपण नाही का बांधावरचा म्हसोबा आणि वडाचं झाड पुजत, तसंच. देवस्थानाबाहेर उंच कमान असते. आत जाताना हात धुवून, चूळ भरून मग देवापुढे उभं राहायचं.

त्या विद्यापीठात मिचिको शोदा नावाची मुलगी इंग्रजी साहित्य शिकली आणि 1957 साली पदवीधर झाली. 1959 मध्ये जपानच्या युवराजांशी तिचं लग्न झालं, ते राजवाड्यातल्या देवस्थानात शिंतो विधीने. पुढे ती जपानची सम्राज्ञी झाली. सिस्टरांच्या हाताखाली शिकली म्हणून तिला देवघराचा उंबरा बंद झाला नाही.

आता आपल्या कायद्याचं. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढून चालवायचा हक्क दिलाय. आणि कलम 28 सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा पूजाप्रार्थनेला बसवता येत नाही. मुलगी अठराच्या आत असेल तर ही संमती पालकांची लागते. हा हक्क सगळ्यांना सारखा आहे. हिंदू मुलीला चर्चच्या प्रार्थनेची सक्ती नाही, तशी मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलीला आपल्याकडच्या सरस्वतीपूजनाचीही नाही.

म्हणून ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. मुलीला घेऊन कॉलेजात जा आणि तोंडावर विचारा. प्रार्थना असते का? तिला बसायचं नसेल तर चालतं का? होस्टेलच्या मेसमध्ये उपवासाचं काय? नवरात्रात, दिवाळीत सुट्टी किती? रात्री होस्टेलवर जबाबदार बाई कोण असते? फी किती टप्प्यांत भरायची? फॉर्मवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. 'संमती' हा शब्द दिसला की थांबा आणि ती कशाची मागतायत ते समजून घ्या.

हेच प्रश्न आपल्या शारदानगरच्या कॉलेजातही विचारायचे आणि पुण्या-मुंबईच्याही. पुढच्या बैठकीला ज्यांच्या मुली बारावी झाल्यात त्यांनी फॉर्म बरोबर आणा. हप्ते जमा झाले की आपण ते मिळून वाचू. मुलींनाही आणा, कारण शिकायचंय त्यांना.