मोटारींतील उष्णतेचा द्वारपाल

मोटारीच्या इंजिनांत जी उष्णता उत्पन्न होते, तिचा थोडाच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता बाहेर टाकावी लागते. इंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी ती घेऊन रेडिएटरमध्यें जातें व तेथें वाऱ्यानें निवून परत येतें. परंतु इंजिन नुकतेंच सुरू झालें असतां त्यास निवविणें इष्ट नसतें. थंड इंजिनांत पेट्रोल नीट जळत नाहीं. तें अधिक खर्च होतें व यंत्राचे भाग लवकर झिजतात. म्हणून पाण्याच्या वाटेवर एक लहानशी झडप बसविलेली असते. तिलाच थर्मोस्टॅट म्हणतात.

तिच्या पोटांतील धातूच्या डबींत मेण भरलेलें असतें. पाणी सुमारें ८२ ते ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें कीं मेण वितळून फुगतें व झडप उघडते. पाणी निवलें कीं स्प्रिंग तिला पुन्हां मिटविते. झडप मिटलेलीच अडकली, तर तापदर्शक कांटा भराभर चढतो. उघडीच राहिली, तर तो फार वेळ खालींच रेंगाळतो.

“आपला देश उष्ण, येथें ही झडप हवी कशाला?” असें म्हणून कित्येक कारागीर ती काढूनच टाकतात. हा समज बरोबर नव्हे. नागपूरच्या कडक उन्हाळ्यांतही हवा ४५ अंशांच्या आसपासच तापते. इंजिनास मात्र ८० अंशांच्या वरची ऊब लागते. म्हणून बिघडलेली झडप टाकून न देतां बदलावी.

हें काम घरीं करतां येतें. पण इंजिन पूर्ण गार झाल्याखेरीज रेडिएटरचें झांकण मुळींच उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंशांवरही उकळत नाहीं. झांकण निघतांच दाब सुटतो व तें वाफेसह उसळून तोंड व हात भाजतात.

प्रथम पाणी पसरट भांड्यांत काढावें. त्यांत मिसळलेला शीतक द्रव बहुधा गोड परंतु विषारी असतो. तो मुलांच्या व जनावरांच्या तोंडीं लागूं देऊं नये. नंतर झडपेवरील आवरणाचे बोल्ट सोडावे, जुनी झडप काढावी व जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून जागा स्वच्छ करावी. नवी झडप आधीं दोऱ्यानें पातेल्यांतील पाण्यांत टांगून तापवून पाहावी. तिच्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास ती उघडूं लागली पाहिजे. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस ठेवून ती बसवावी, नवें गॅस्केट लावावें व बोल्ट आळीपाळीनें, सारख्या जोरानें आवळावे. शेवटीं द्रव भरून, आंतील हवा निघूं देऊन, कोठें गळती नाहीं ना तें पाहावें.

विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें. केव्हां मिटावें व केव्हां उघडावें, हें जाणणें एवढेंच त्या झडपेचें काम. पण तेवढ्यावर साऱ्या इंजिनाचें आयुष्य अवलंबून असतें.