रुग्णवाहिकेतील बिनतारी यंत्र आणि त्यातील खरखर



हिशेबपत्रकात ‘वाहन दुरुस्ती व देखभाल’ या शीर्षाखाली यंदा एक लहानशी नोंद आहे : बिनतारी यंत्राच्या तारा, फ्यूज, तांब्याच्या पट्ट्या व किरकोळ सामान. रक्कम एका टायरच्या किमतीहून कमी असल्याने ती नजरेतून निसटण्याचा संभव आहे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा विनियोग कसा झाला हे जाणण्याचा आपला अधिकार आम्ही मानतो. म्हणून या नोंदीमागील कारण येथे विस्ताराने देत आहोत.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे आणि भ्रमणध्वनी आता घरोघरी आहे. असे असता बिनतारी यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वादळपावसात वीज गेली की भ्रमणध्वनीचे मनोरे पुष्कळदा मुके होतात. आपल्या छताच्या अँटेनाला मात्र रुग्णालयातील बॅटरी पुरते. शिवाय एकाने बटण दाबून बोलले की चालक, परिचारिका व अपघात विभाग सर्वांना ते एकाच वेळी ऐकू येते. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परवानगी आणि नेमून दिलेली वारंवारिता या दोहोंवाचून असे यंत्र वापरता येत नाही, हेही येथे नमूद करणे योग्य होईल.

आता खरखरीचे गांभीर्य पाहू. आपल्या बाभुळगाव तालुक्यात ‘राणी अमरावती’ नावाचे गाव आहे. निरोपातील ‘राणी’ हा एकच शब्द खरखरीत बुडाला, तर उरते ती ‘अमरावती’, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचे शहर! ‘सावर’ आणि ‘खडक सावंगा’ यांचेही तसेच. प्रसूतीच्या रुग्णाला घ्यायला निघालेल्या वाहनाने निरोप पुनःपुन्हा विचारत बसावे, ही वेळ परवडणारी नाही.

खरखर येते कोठून? विद्युत ठिणगी पडली की तिच्यातून बिनतारी लहरी बाहेर पडतात. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वरील संदेशयंत्रही ठिणगीचेच होते. म्हणजे एके काळी जी ठिणगी निरोप पोहोचवीत असे, तीच आज वाहनाच्या इंजिनात निरोपाची वैरीण झाली आहे. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक स्पार्क प्लगमध्ये मिनिटाला शेकडो ठिणग्या पडतात व प्रत्येक ठिणगी एक चिमुकले प्रक्षेपण करते. डिझेल इंजिनाला ही ठिणगी नसते. परंतु अल्टरनेटर, वायपर व पंख्याच्या मोटारी, छतावरील चमकते दिवे आणि बारा व्होल्टपासून घरगुती वीज करणारा इन्व्हर्टर ही मंडळी डिझेल वाहनातही असतातच.

अनुभवी कारागीर कानानेच रोग ओळखतो. ॲक्सिलरेटरबरोबर जलद होणारी टकटक ही स्पार्क प्लगची. इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी किणकिणती शीळ ही अल्टरनेटरची. इंजिन बंद असतानाही टिकणारी गुणगुण ही इन्व्हर्टरची, दिव्यांची वा चार्जरची. पुढे एक साधी परीक्षा असते. यंत्राची अँटेना काढून ठेवावी. खरखर थांबली तर ती हवेतून अँटेनामार्गे येत होती, आणि तशीच राहिली तर विजेच्या तारेतून. निदानावाचून औषध नाही, हा वैद्यकातला नियम येथेही लागू पडतो.

आपल्या वाहनात दोष विजेच्या तारेत निघाला. यंत्र बसविणाऱ्या कारागिराने वीज डॅशबोर्डमागच्या फ्यूजपेटीतून, वायपर व पंख्याच्या तारेवरूनच घेतली होती. अल्टरनेटरची वीज मुळात प्रत्यावर्ती असते. डायोड तिला एकदिश करतात, तरी तिच्यात बारीक लाटा उरतातच, आणि एखादा डायोड निकामी झाला तर त्या वाढतात. बॅटरी या लाटा पुष्कळशा पचविते. बेंबळा धरणाचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : नदीला पूर येवो वा ती आटो, जलाशयातून काढलेल्या कालव्याचे पाणी संथच राहते. यंत्राची तारही अशीच थेट जलाशयातून, म्हणजे बॅटरीतून घ्यावी लागते. त्याप्रमाणे आता जाड तारा थेट बॅटरीपर्यंत नेल्या आहेत. नव्या धर्तीच्या वाहनांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. तेथे ऋण तार टोकाला न जोडता, बॅटरीची तार वाहनाच्या सांगाड्याला जेथे मिळते तेथे जोडावी लागते.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसविला आहे. तार कोठे घासली जाऊन सांगाड्याला टेकली तर ती तापून पेट घेऊ शकते, आणि रुग्णवाहिकेत प्राणवायूचे सिलिंडर असते. या एका फ्यूजबाबत आम्ही काटकसरीचा विचारही केला नाही.

बॉनेट व सांगाडा यांच्यामधले बिजागर गंजाने व रंगाने विजेच्या दृष्टीने तुटलेलेच असते. मग बॉनेटचा पत्राच अँटेनासारखा वागू लागतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात वाहनाच्या तळाला लिंपून बसते आणि ओल धरून ठेवते, त्यामुळे येथे गंज लवकर धरतो. रंग खरवडून विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी हे भाग जोडून घेतले. छतावरील अँटेना मध्यभागी आणली. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबीची काडी सुमारे अर्धा मीटर असते व तिच्या पायाशी धातूचा पत्रा लागतो. फायबरचे छत असेल तर आतून पत्रा द्यावा लागतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. यंत्रावर ‘स्क्वेल्च’ नावाचे बटण असते. ते वाढविले की खरखर तत्काळ थांबते व चालक समाधानी होतो. परंतु त्यासरशी दूरवरचे क्षीण निरोपही बंद होतात, आणि यंत्र शांत आहे म्हणजे सर्व कुशल आहे असा समज होतो. एफ.एम. पद्धत, जिचे पेटंट आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये मिळाले, निरोप बलवान असेतो खरखर दडपून टाकते. निरोप क्षीण झाला की मात्र ती एकाएकी हार मानते. म्हणूनच दोष रुग्णालयाच्या आवारात कळत नाही. तो कळतो तालुक्याच्या सीमेवर. चाचणी तेथेच घेतली पाहिजे, व आम्ही ती तशीच घेतली. शिवाय अल्टरनेटरची शीळ कधी केवळ बाहेर जाणाऱ्या आवाजात मिसळते. तेव्हा बोलणाऱ्याला तिचा गंधही नसतो आणि त्रास ऐकणाऱ्याला होतो. त्यामुळे चाचणीस दोन्ही टोकांना माणसे हवीत.

सर्वच खरखर आपल्या हाती नाही. धामणगावच्या लोहमार्गावरील विद्युत तारांजवळ ती थोडी उमटणारच. वाहनांनी किती व्यत्यय उत्पन्न करावा यास मर्यादा घालणारे एआयएस ००४ हे भारतीय मानक आहे, परंतु वाहन विकत घेतल्यानंतर आपण त्यात जे जोडतो त्याचा भार आपल्यावरच असतो.

याची दुसरी बाजूही रुग्णांच्या आप्तेष्टांनी जाणावी. आपले यंत्र बोलते तेव्हा तेही लहरी सोडते, आणि त्या हृदयालेख दाखविणाऱ्या मॉनिटरला वा औषधाच्या पंपाला बाधू शकतात. छताचा पत्रा हा त्यातील नैसर्गिक आडपडदा होय. म्हणून रुग्णकक्षात हातातल्या वॉकीटॉकीवरून बोलण्यास कर्मचाऱ्यांना मनाई केली आहे.

दुसऱ्या वाहनाचे काम पावसाळ्यापूर्वी उरकण्याचे योजिले आहे. दरम्यान आप्तेष्टांना एक विनंती : वाहनातील सॉकेटमध्ये आपला भ्रमणध्वनी चार्ज करण्यास लावू नये. हलक्या प्रतीचे चार्जर मोठा व्यत्यय निर्माण करतात आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे अथवा सेवाग्रामला रुग्ण नेताना निरोप तुटतो. चार्जिंगची विनामूल्य सोय स्वागतकक्षात, औषधालयाच्या खिडकीशेजारी करण्यात आली आहे.