‘टाइप टू कोलॅजेन’ लॅबच्या कुपीत आणि पावडरच्या डब्यात: नाव एक, काम वेगळं

रोह्यातल्या कुठल्याही चिकनच्या दुकानात कोंबडीच्या छातीचं हाड बघा. त्याच्या टोकाला पांढरा, मऊ भाग दिसेल. ती कूर्चा. आपल्या गुडघ्यात हाडावर हाड घासू नये म्हणून जो गुळगुळीत थर असतो, तोही कूर्चेचाच. दोन्हींमधलं मुख्य कोलॅजेन एकाच प्रकारचं आहे: टाइप टू.

हे नाव सध्या गुडघेदुखीवरच्या पावडरींच्या जाहिरातीत दिसतं. संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या कुपीवरही तेच नाव असतं. मग कुपीतलं जास्त शुद्ध, म्हणून जास्त गुणकारी का? तसं नाही. लॅबमध्ये त्याचा एक मोठा उपयोग उंदरांना सांध्यांचा आजार देण्यासाठी होतो!

कोलॅजेन म्हणजे काय?

शरीरातल्या प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश कोलॅजेन असतं. त्वचेत आणि हाडांत मुख्यतः टाइप वन, कूर्चेत टाइप टू. त्याच्या तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. ही तिपेडी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली.

कूर्चेतून ते काढतात कसं?

कोंबडीची किंवा गाई-बैलांची कूर्चा बारीक करतात. तीव्र क्षारद्रावणाने त्यातली इतर प्रथिनं धुऊन काढतात. मग सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये पेप्सिन घालतात. पेप्सिन म्हणजे आपल्या पोटात प्रथिनं पचवणारं एन्झाइम. ते वेणीची टोकं कापतं, पण घट्ट वेणी सहसा तोडू शकत नाही. नंतर मीठ घातलं की कोलॅजेन खाली बसतं.

हे सगळं थंडीत, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास करतात. कारण उष्णतेने वेणी उलगडते आणि कोलॅजेनचं जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं, ते या जिलेटिनमुळेच.

उंदरांना आजार कशासाठी?

१९७७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ट्रेंथम आणि सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांना टाइप टू कोलॅजेन टोचलं. काहींचे सांधे सुजले. त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच कूर्चेवर हल्ला केला होता. माणसांमधल्या आमवाताशी, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसशी, हे बरंच मिळतंजुळतं होतं. टाइप वन टोचून मात्र असं झालं नाही.

तेव्हापासून आमवाताची नवी औषधं तपासायला ही पद्धत जगभर वापरतात. इथे शुद्धता महत्त्वाची ठरते. दुसरं प्रथिन मिसळलं किंवा वेणी उलगडली, तर प्रयोगाचा निकाल भरवशाचा राहत नाही.

मग ही कुपी औषध का नाही?

धाटाव एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. एकाच रसायनाचे औद्योगिक, लॅब आणि औषधी असे वेगवेगळे ग्रेड असतात. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं, कारण ती माणसांना देण्यासाठी तपासलेलीच नसते.

आणि पावडर?

टोचल्यावर आजार देणारं हे प्रथिन तोंडावाटे थोडं थोडं दिलं तर रोगप्रतिकारशक्ती त्याला सरावेल, अशी एक कल्पना आहे. १९९३ मध्ये ट्रेंथम यांनीच आमवाताच्या ६० रुग्णांवर ती तपासली. सांध्यांची सूज कमी झाल्याचं दिसलं. पण नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत.

पावडर घेताना लेबल नीट वाचा. ‘हायड्रोलाइज्ड’ म्हणजे तुकडे केलेलं कोलॅजेन. त्यात ती वेणी उरलेली नसते. ‘अनडिनेचर्ड’ म्हणजे वेणी शाबूत ठेवलेलं. एकावर झालेला अभ्यास दुसऱ्याच्या जाहिरातीत वापरला असेल, तर तो दावा गृहीत धरू नका.

सर्वांत आधी गुडघा का दुखतोय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. वयानुसार होणारी झीज आणि आमवात हे दोन वेगळे आजार आहेत. आमवातात उपचाराला उशीर झाला, तर सांध्याचं झालेलं नुकसान भरून येत नाही.